वाचकांचे प्रश्न : रुग्णवाहिकेतून फिरते घर

प्रश्न : आम्ही सोलापुरात होटगी रस्त्यावर राहतो. आम्ही पती-पत्नी, तेरा आणि नऊ वर्षांची दोन मुले आणि माझ्या सासूबाई असे घरात पाच जण आहोत. ओळखीच्या एका धर्मादाय रुग्णालयाची २०१६ सालची फोर्स ट्रॅव्हलर रुग्णवाहिका विक्रीस निघाली आहे. ती घेऊन मुक्काम करता येईल अशी गाडी तयार करावी आणि उजनीचा काठ, नान्नजचा माळ, तळकोकण, जमल्यास पुढे हिमाचलमधल्या स्पितीपर्यंत आडवाटेने फिरावे, असा विचार आहे. तिला फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळेल अशी) करता येईल का, आतली रचना कशी असावी आणि कायद्याची काही अडचण येईल का? — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : आपण शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लेखी हातात आल्याशिवाय गाडीचे पैसे देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णवाहिका आरसीमध्ये (नोंदणी प्रमाणपत्रात) परिवहन वाहन म्हणून नोंदलेली असते, तर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन परिवहनेतर वाहनांत मोडते. म्हणजे केवळ मालकाचे नाव बदलून भागत नाही, वाहनाचा वर्गही बदलावा लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कडकपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली आहे. म्हणून सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात कोणते बदल करणार आहात याचा साधा आराखडा देऊन लेखी अर्ज करावा, कोणती मंजुरी आणि कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र लागेल हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे आणि मगच सुताराला बोलवावे. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशाच फिरत्या घरांसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. आराखडा करणाऱ्या कारागिराला हे मानक ठाऊक आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. रुग्णालयाला करात सवलत मिळालेली असल्यास वापर बदलल्यावर किती फरक भरावा लागेल, हेही त्याच खेपेस विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही प्रत्येक बदल कळवावा, कारण रुग्णवाहिका म्हणून काढलेला विमा कुटुंबाच्या सहलीत झालेल्या अपघाताला उपयोगी पडेल असे धरून चालता येत नाही.

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच दिवशी सायरन, छतावरचे दिवे, बॉनेटवरची उलटी अक्षरे आणि लाल क्रॉस काढून टाकावेत. अनेक सुरांचा भोंगा खासगी वाहनाला निषिद्ध आहे, आणि रेडक्रॉसचे चिन्ह विनापरवाना वापरण्यास १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाने मनाई आहे. परंतु माझ्या दृष्टीने याहून मोठे कारण वेगळे आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावर अपघात झाला असता लोक पांढऱ्या उंच गाडीकडे धावत येतात, तिला वाट देतात आणि आत डॉक्टर असेल या आशेने जखमीला उचलून आणतात. त्या विश्वासाला धक्का लागेल अशी एकही खूण गाडीवर उरता कामा नये. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो.

त्यानंतर सफाई. हे काम घरच्यांनी हौसेने उरकण्याचे नाही. प्राणवायूचे सिलिंडर रुग्णालयाला परत करावेत आणि नळ्या, झडपा जाणकाराकडून काढून घ्याव्यात, कारण प्राणवायूच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस लागले तर ते पेट घेऊ शकते. बाकांखाली, कपाटांच्या फटीत आणि स्ट्रेचरच्या पट्ट्यांखाली सुया सापडण्याची शक्यता धरूनच जाड हातमोजे घालावेत, आणि जे सापडेल ते घरच्या कचऱ्यात न टाकता रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्यावे. कठीण पृष्ठभाग धुऊन घेतल्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण किमान दहा मिनिटे राहू द्यावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे, नाहीतर पत्रा गंजतो. हे द्रावण ॲसिडमध्ये किंवा संडास धुण्याच्या द्रवात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जमिनीवरचे व्हिनाइल उचलून खालचा प्लायवूड पाहावा. तो डागाळलेला किंवा फुगलेला असल्यास मोह न धरता फेकून द्यावा. त्याखालचा पत्रा गंजला आहे का, हे पाहण्याची संधीही तेव्हाच मिळते.

आता फोर बाय फोर. माझे उत्तर नाही असे आहे. ट्रॅव्हलरचे इंजिन मागची चाके फिरवते. पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी), वेगळा पुढचा ॲक्सल आणि नवा शाफ्ट बसवावा लागतो, त्यासाठी सांगाडा, स्टिअरिंग आणि ब्रेक या तिन्हींना हात लागतो, आणि असा बदल कलम ५२ च्या चौकटीत बसवणे जवळजवळ अशक्य होते. आपण जी ठिकाणे लिहिली आहेत त्यांतील बहुतेकांना त्याची गरजही नाही. कच्च्या, दगडी, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीची उंची, टायरची स्थिती आणि हळू चालवण्याची सवय पुरते. फोर बाय फोरची खरी उणीव चिखलात जाणवते, आणि आपल्या जिल्ह्यातला चिखल हा काळ्या मातीचा चिखल आहे. मंगळवेढ्याकडच्या रानात पाऊस पडून गेल्यावर ती माती टायरच्या खाचांत भरून बसते, टायर गुळगुळीत होतो आणि मग चार चाकांना ताकद असली तरी तीन-साडेतीन टनांची गाडी रुततेच. अशा वेळी जमीन वाळेपर्यंत डांबरी रस्ता न सोडणे हाच मार्ग आहे.

उजनीच्या काठाबद्दल विशेष सांगावेसे वाटते. धरणाचे पाणी ओसरले की गाळपेर जमीन उघडी पडते. वरचा थर वाळून भेगाळलेला दिसतो, पण त्याखालचा गाळ ओलाच असतो, आणि पाण्याच्या जवळ मुक्काम करावा या ओढीने गाडी पुढे नेली की मागची चाके एका क्षणात खाली जातात. शिवाय त्या जमिनीवर शेतकऱ्यांनी पेरणी केलेली असते. पायी चालत जाऊन टाच रोवून पाहावी, जमीन कोणाची आहे हे विचारावे आणि गाडी पक्क्या बांधावर किंवा रस्त्यालगत उभी करावी. फावडे, दोन जाड फळ्या, हवा भरण्याचा पंप आणि मजबूत टो-दोर सोबत असू द्यावा. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आलीच तर दोर बंपरला न बांधता सांगाड्यावरच्या हुकालाच बांधावा.

नान्नजला गाडी माळावर घालण्याचा विचार मात्र सोडूनच द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९७९ साली माळढोकासाठी राखलेले हे अभयारण्य आहे. टिटवी, चंडोल, धाविक यांसारखे पक्षी तिथल्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती गाडीतून दिसत नाहीत. वन विभागाने ठरवलेल्या वाटेनेच जावे आणि मुक्काम सोलापूरच्या बाजूला अन्यत्र करावा.

आतल्या रचनेत माझा सगळा भर वजनावर आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि कमाल भारासह वजन असे दोन आकडे असतात; त्यांतील फरक हेच आपले एकूण भांडवल. स्ट्रेचर, जुनी कपाटे आणि सिलिंडरचे स्टँड काढल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन दोन्ही वजने लिहून ठेवावीत. काम पूर्ण झाल्यावर सामान, पाणी आणि पाचही माणसांसह पुन्हा तसेच वजन करावे. पाच माणसे मिळून तीनशे किलोंच्या घरात जातात, साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, आणि १८ मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा एक ताव तीस ते पस्तीस किलो भरतो. आपल्याकडचे सुतार घरातल्या कपाटासाठी वापरतात तोच प्लायवूड गाडीत वापरतात आणि पाच तावांतच दीडशे किलोंहून अधिक वजन घालतात. ॲल्युमिनिअमची चौकट आणि तिच्यावर पातळ प्लायवूड हे अधिक योग्य. छतावर तंबू, पाण्याची टाकी किंवा जड कॅरिअर बसवू नये. रुग्णवाहिका आधीच उंच असते, वजन वर गेले की वळणावर ती झुकते आणि खडकाळ उतारावर हे झुकणे जिवावर बेतू शकते.

पाच जणांनी आत झोपण्याचा अट्टहास धरू नये. सासूबाईंसाठी खुर्चीच्या उंचीचा, दारालगतचा पलंग ठेवावा, एका मुलासाठी आणि आपल्यासाठी आत जागा करावी, आणि उरलेल्या दोघांनी गाडीशेजारी तंबूत झोपावे. छताला असलेली आधाराची दांडी आणि दाराजवळची पायरी काढू नका, कारण ज्येष्ठांना त्यांचाच उपयोग होतो. चालत्या गाडीत मात्र पाचही जण पुढे तोंड असलेल्या, पट्टे असलेल्या आसनांवरच बसले पाहिजेत. परिचारकाचा आडवा बाक मुलांना आवडतो, पण धडक बसल्यावर आडवे बसलेले शरीर कमरेच्या पट्ट्याने सावरत नाही. आसने कुठे आणि कशी बसवायची याला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागेल, आणि हा खर्च मी सर्वांत आधी करीन.

विजेचा हिशेब सोपा आहे. दोन छोटे पंखे रात्रभर, दिवे, मोबाइल आणि बारा व्होल्टचा लहान फ्रिज यांना चोवीस तासांत सुमारे ९०० वॅट-तास लागतात. शंभर अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॅट-तास साठवते; त्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी मात्र निम्म्याहून खाली उतरवू नये, त्यामुळे तिच्यातून सहाशेच हाती लागतात. २०० वॅटचे सौर पॅनेल आपल्या उन्हात निरभ्र दिवशी ७०० ते ८०० वॅट-तास परत देते. एसी रात्रभर या बॅटरीवर चालणार नाही, म्हणून एप्रिल-मे टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फिरावे. रुग्णवाहिकेत बाहेरून वीज जोडण्याचा सॉकेट आणि इन्व्हर्टर असेल तर तपासून ठेवून घ्यावा, जुन्या जोडलेल्या वायरी मात्र काढाव्यात आणि प्रत्येक नव्या तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्यावा.

स्पिती शेवटी ठेवा. तिथले काझा गाव साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. सासूबाई सोबत असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन सिमला-किन्नौरच्या बाजूने टप्प्याटप्प्याने चढावे, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : सरकारी लिलावात जुनी रुग्णवाहिका स्वस्तात मिळेल का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : वय पाहून ठरवावे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका आणि पंचायती यांच्या मालकीच्या, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी लागतात. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्याहून नवी असेल तर कागदपत्रे तपासून विचार करता येईल, तरी खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयाची, नियमित देखभालीच्या नोंदी असलेली गाडी शोधणे अधिक हिताचे.

प्रश्न : टाटा विंगर घेतली तर चालेल का? — एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : विंगरचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागे भार भरून चढावर, सुट्या खडीवर गेल्यास पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते आणि ती घसरू लागतात. डांबरी आणि साध्या कच्च्या रस्त्यासाठी ती आरामदायी आहे. तिची खालची पायरीही ज्येष्ठांना सोयीची आहे. आडवाटेसाठी मात्र मी इंजिन मागची चाके फिरवते अशी गाडी निवडीन.

प्रश्न : गाडीत गॅसवर स्वयंपाक करावा का? — एक वाचिका, पंढरपूर

उत्तर : बंद गाडीत करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि वरची खिडकी उघडी असली तरी बाहेर जात नाही. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, ज्याला वास नसतो. पाच किलोंचा छोटा सिलिंडर आणि शेगडी मागच्या दाराबाहेर, वाऱ्याला आडोसा करून मांडावी, आणि झोपण्यापूर्वी सिलिंडर बाहेरच ठेवावा. एका-दोन मुक्कामांसाठी तर गॅस घेण्याचीही गरज नसते : आपल्याकडची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढ्यावर दुपार निभावते, आणि चहापुरते पाणी गाडी निघण्याआधी घरीच उकळून थर्मासमध्ये भरून घेता येते.