गोठ्यातल्या माणसाला फ्लूची लस कशाला?

प्रश्न : आमच्या दुभत्या गाई आहेत, थोडी डुकरंही पाळलीत. जनावरांची लाळ्या-खुरकुताची लस आम्ही कधी चुकवत नाही. पण स्वतः फ्लूची लस घ्यायचं काढलं की मामंजी म्हणतात, "शेणामुतात हयात गेली, मला काय धाड भरलीय?" दिरांनी एकदा घेतली, तर दुसऱ्या दिवशी कणकण. शिवाय ती बर्ड फ्लूवर चालत नाही म्हणे. मग घ्यायची कशाला?

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेतो. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. हंगामी फ्लूची लस एच५एन१पासून, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूपासून, वाचवत नाही. ती टोचली म्हणून आजारी जनावराला उघड्या हातांनी हाताळायची मुभा मिळत नाही.

तरीही घ्या म्हणतो, ते तुमच्या डुकरांमुळे. डुकराच्या श्वासमार्गात माणसाचाही फ्लू रुजतो आणि पक्ष्यांचाही. या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच जन्माला येऊ शकतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीच्या विषाणूत डुकरं, पक्षी आणि माणसं अशा तिन्हींकडचे तुकडे होते. पुढे कितीतरी देशांत माणसांनीच तो डुकरांच्या कळपात नेऊन सोडला. हे सांगितलं की पशुपालक कान टवकारतात. स्वतःच्या तब्येतीवरचं प्रवचन त्यांना नको असतं, आपल्यामुळे जनावर आजारी पडेल हे मात्र मनाला लागतं.

मार्च २०२४मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना एच५एन१ झाल्याचं निष्पन्न झालं. तेव्हा तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं गोठ्यांतल्या कामगारांना हंगामी फ्लूचीच लस देण्यासाठी ५० लाख डॉलर बाजूला काढले. दोन्ही विषाणूंची एकाच माणसाच्या अंगात गाठ पडू नये, एवढ्यासाठी.

दिरांची कणकण लसीचीच असेल, पण तो फ्लू नव्हे. इंजेक्शनच्या लसीत मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात, त्यांनी आजार होत नाही. अंग एक-दोन दिवस कुरकुरतं. संरक्षण यायला मात्र साधारण दोन आठवडे लागतात. आणि लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही डॉक्टरकडे जाण्याइतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होतो. हे टोचण्याआधी कुणी सांगत नाही, मग लस घेऊनही एखादा आजारी पडला की सगळ्यांचाच विश्वास उडतो.

मामंजींना सांगा, अंग सरावतं ते ओळखीच्या विषाणूला. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लसीत काय घालायचं ते वर्षातून दोनदा ठरवते. वय पासष्टच्या पुढे असेल तर घरात पहिला नंबर त्यांचा. त्या वयात फ्लूवरून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

खरी अडचण मला धारेच्या वेळांची दिसते. दोन वेळच्या धारा सांभाळून दवाखान्यात जायचं कधी? सगळ्यांनी एकाच दिवशी घेऊ नका, दंड दुखतो. निम्म्यांनी आज, बाकीच्यांनी चार दिवसांनी.

आजारी गाईची धार काढल्यावर डोळे लाल झाले किंवा ताप आला, तर दवाखान्यात पहिलं वाक्य "आमच्याकडे जनावरं आहेत" हेच असू द्या. अमेरिकेत गाईंकडून एच५एन१ची लागण झालेल्या कामगारांपैकी बहुतेकांना त्रास झाला तो डोळ्यांचाच.