घोणीला पायांच्या जोड्या २१ की २०? वय वाढलं की पायही वाढतात का?

घोण म्हणजे मोठी गोम. तिच्या पायांच्या जोड्या तुम्ही म्हणता २१, तुमचा भाऊ म्हणतो २०. तुमचे २१ बरोबर, भावाचे २० चूक. शेवटची जोडी चालायच्या कामाची नसते, मागे लांबवलेली असते. ती त्यानं पायांत धरली नसणार. चिपाडाच्या ढिगाखाली सापडली, वीतभर होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घोणच. आमच्या कोल्हापूर भागात पाऊस लागला की गुऱ्हाळाच्या आसपास हमखास निघते.

पाय वाढत नाहीत. घोणीचं पिल्लू सगळ्या जोड्या घेऊनच अंड्यातून बाहेर येतं. न्हाणीच्या भिंतीवर पळणारी लांब पायांची गोम मात्र वेगळी. तिच्या पिल्लाला आधी ४ जोड्या असतात, कात टाकत टाकत त्या १५ होतात.

आता २० का नाही, ते बघा. खरी मजा तिथंच आहे. गोमांच्या जगात ३,००० हून जास्त जाती आहेत. जोड्या कुणाला १५, कुणाला २१ किंवा २३, आणि मातीत राहणाऱ्या दोऱ्यासारख्या गोमांना २७ पासून १९१ पर्यंत. एखादा व्यंग असलेला नमुना सोडला तर पूर्ण वाढलेल्या गोमेत जोड्यांचा आकडा कायम विषम. विषम पायांनी पळायला सोपं जातं वगैरे मला पटत नाही. १९१ च्या जागी १९० असते तर काय बिघडलं असतं?

कारण शरीर घडण्यात आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा नावाची गोम मिळते. २००४ मध्ये चिपमन, आर्थर आणि एकम यांनी तिचे भ्रूण तपासले. गोमेचं अंग एकामागं एक जोडलेल्या तुकड्यांचं असतं, त्यांना खंड म्हणतात. हे खंड पाडणारं जनुक जिथं काम करतं तिथले पट्टे आधी दोन-दोन खंडांच्या अंतरानं उमटतात, मग मधल्या जागी नवे पट्टे येतात. म्हणजे खंड बऱ्याच अंशी जोडीनं तयार होतात. मग बेरीज सम यायला हवी ना? येतेच की! घोण ज्या नांग्यांनी चावते त्या मुळात धडाच्या पहिल्या खंडाचे पाय. तो खंड धरा, २२ झाले.

मेलेली घोण भिंगाखाली धरलीत तर या दोन-दोनच्या हिशोबाच्या खुणा अंगावरही दिसतील. कुशीवरची श्वास घ्यायची छिद्रं प्रत्येक खंडावर नसतात. साधारणपणे ती पायांच्या ३, ५, ८, १०, १२ अशा खंडांवर, पुढं एकाआड एक २० पर्यंत असतात. फक्त ५ नंतर एकदम ८, तेवढी एक मेख.

उत्क्रांतीत हा आकडा बदलतो तोही कधी कधी एकदम उडी मारून. ब्राझीलमध्ये २००८ साली घोणीच्या नात्यातली एक जात नोंदवली गेली, स्कोलोपेंड्रॉप्सिस डुप्लिकाटा. तिच्या सख्ख्या जातीला २१ किंवा २३ जोड्या, हिला ३९ किंवा ४३. दुप्पट करून तीन वजा करा, जमतंय बघा. घोणीच्या नात्यात मधल्या आकड्यांची जात काही मिळालेली नाही.

भावाला परत मोजायला लावणार असाल तर जिवंत घोणीवर नको. लई झोंबतं.