ओंडका घेताना मार कुठे बसतो? सॉ मिलवाल्यांचे काही प्रश्न

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न खरेदीचेच आहेत आणि फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, म्हणून सगळे एकत्रच घेतोय. एक प्रश्न विकणाऱ्याचाही आहे, तो मुद्दाम ठेवलाय.

प्रश्न: छोटी मिल टाकलीये, एकच बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत). आजूबाजूचे जो भाव देतात तोच मी देतो, तरी महिनाअखेर हातात काही राहत नाही. बरोबर भाव ठरवायचा कसा?

आजूबाजूच्यांचा भाव त्यांच्या गिऱ्हाइकावर, त्यांच्या मशीनवर ठरलेला असतो हो, तो तुम्हाला लागू पडेलच असं नाही. तुम्ही उलट्या बाजूने या. कापलेला माल कितीला जातो तिथून सुरुवात करा आणि मागे मागे येत ओंडक्यापर्यंत पोचा.

समजा कापलेल्या एका सीएफटीला (घनफुटाला) १०० मिळतात आणि ओंडक्याच्या एका सीएफटीतून ०.६४ सीएफटी माल निघतो. म्हणजे ६४ आले. भुसा आणि कडेच्या सालीच्या फळ्या विकून अजून ४, झाले ६८. आता वजा करत जा: कापायचा खर्च (वीज किंवा डिझेल, पाती, मजुरी) १४, गाडी आणि हमाली ९, आतून पोकळ-किडका निघेल त्याची सोय म्हणून ५, तुमचा नफा ८. उरले ३२. विकणाऱ्याच्या जागेवर तोडून पडलेल्या ओंडक्याला ही तुमची वरची हद्द, आणि गाडी-हमालीचे ९ समोरच्यानेच करून ओंडका मिलच्या दारात आणला असेल तर ४१ पर्यंत जा. आकडे तुमचे वेगळे येतील, पण रीत हीच. लिलावाला जाताना हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण बोली चढायला लागली की डोकं चालत नाही, हे मी स्वतः भोगलंय.

यातला सगळ्यात फसवा आकडा रिकव्हरीचा, म्हणजे ओंडक्यातून किती कापलेला माल निघतो त्याचा (वरचे ०.६४), आणि लोक तो अंदाजाने धरतात. तसं करू नका. दहा ओंडके घ्या, टोकाला रंगाने नंबर टाका, मोजा, कापा, निघालेल्या फळ्या मोजा. एक दिवस जाईल, जाऊ दे. जाड आणि सरळ ओंडक्याचा आकडा वेगळा, बारीक-वाकड्याचा वेगळा, तेव्हा दोन्ही काढा. आणि हो, पात्याची जाडी विसरू नका. बँडसॉचं पातं साधारण २ मिमी खातं, जाड गोल करवत ५-६ मिमी खाते. १० कापांमागे ३०-४० मिमीचा फरक पडला, म्हणजे २५ मिमीची एक-दीड फळी भुशात गेली. गोल करवतवाल्याला तुमच्याइतका भाव परवडत नाही तो यामुळे.

प्रश्न: माझी मोजणी आणि देणाऱ्याची मोजणी कधीच जुळत नाही, कधीकधी पाव हिश्शाचा फरक येतो. तो फसवतोय का?

असेलही, पण आधी टेप कुठे लावताय ते बघा, बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

घेराने मोजायची जुनी रीत म्हणजे घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. इंचात घेर आणि फुटात लांबी असेल तर शेवटी १४४ ने भागायचं. एक ओंडका घ्या, १० फूट लांब, मध्यावर घेर ४८ इंच. चौथा हिस्सा १२, वर्ग १४४, म्हणजे बरोबर १० सीएफटी. आता तोच ओंडका बुंध्याकडे ५४ इंच आणि शेंड्याकडे ४२ इंच आहे. देणाऱ्याने बुंध्याला टेप लावला तर १२.६६ येतात, तुम्ही शेंड्याला लावला तर ७.६६. ओंडका तोच, आणि दोघंही आपापल्या जागी शपथेवर सांगतील! म्हणून मध्यावरच लावा, आणि तुमच्या फायद्यासाठी शेंड्याला लावायचा मोह तुम्हीही टाळा, तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडे येणार नाही.

दुसरी गोष्ट साल. साल फक्त अर्धा इंच जाड धरली तरी घेर तीन इंचाने वाढतो, ४८ चे ५१ होतात आणि १० चे साधारण ११.३. म्हणजे १३ टक्के पैसे सालीला. मध्यावर एक पट्टा साल काढून टेप लावा नाहीतर सालीची वजावट आधीच बोलून घ्या. टेप पण ताणून, काटकोनात, खाली माती-फांदी न अडकता. टेप तिरका गेल्याने घेर दोन इंच जास्त आला तर ८ टक्के गेले.

आणि एक जिथे सगळेच गोंधळतात. या रीतीने येणारा आकडा खऱ्या लाकडाच्या ७८.५ टक्केच असतो, चौकोन धरून हिशोब आहे ना. वरच्या ओंडक्यात खरं लाकूड १२.७ सीएफटी आहे. त्यातून ६.४ सीएफटी फळ्या निघाल्या तर एकजण म्हणतो रिकव्हरी ६४ टक्के, दुसरा म्हणतो ५०, आणि दोघंही बरोबर. क्यूबिक मीटरने घेणाऱ्याने तर हे नक्कीच तपासायचं, की समोरचा खऱ्या आकारमानाने देतोय की घेराच्या रीतीने. भाव ज्या मापात, रिकव्हरी त्याच मापात काढा.

लांबीचंही तसंच. ९ फूट १० इंचाच्या ओंडक्यातून १० फुटी फळी निघत नाही, ९ फुटीच निघते. वर तीन-चार इंच जास्तीचे मागून घ्या, त्याचे पैसे द्यायचे नाहीत हे आधी ठरवून.

प्रश्न: वजनाने घेतलं तर ही मोजणीची कटकट वाचेल ना?

कटकट वाचते, पाणी मात्र विकत घेता. ताज्या तोडलेल्या लाकडात सुक्या लाकडाच्या वजनाच्या ८० टक्के पाणी असणं काही विशेष नाही, काही जातींत तर १०० च्या वर जातं. ८० टक्के ओलाव्याच्या एक टनात सुकं लाकूड ५५६ किलो, ४० टक्के ओलावा असेल तर ७१४ किलो. त्याच भावात सव्वापटीहून जास्त लाकूड! आणि गंमत म्हणजे ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत ओंडका आकाराने आटत नाही, फक्त हलका होतो. पण म्हणून पडून वाळलेला माल डोळे झाकून घेऊ नका, त्याला टोकाला तडे गेलेले असतात, भुंगेरे लागलेले असू शकतात. वजनानेच घ्यायचं असेल तर तोडल्याची तारीख विचारा आणि ताज्याचा आणि जुन्याचा भाव वेगळा ठेवा. पावसात भिजलेली गाडी आणि चिखल चिकटलेले ओंडके काट्यावर चढवायच्या आधी काय ते बोला, नंतर बोलून उपयोग नाही.

प्रश्न: पूर्ण लॉट (ओंडक्यांचा अख्खा ढीग) एकाच भावाने घ्यायचा म्हणतात. घ्यावा का?

एक भाव म्हणजे चांगल्या ओंडक्यांनी वाईटांचे पैसे भरायचे. तरी घ्यावा लागतो कधीकधी. मग थप्पीच्या दोन्ही बाजूंनी फिरा आणि टोकं वाचा, समोरूनच बघून येऊ नका.

मी आधी गाभ्याचा तडा बघतो. एका टोकाला तडा उभा आणि दुसऱ्या टोकाला आडवा असेल तर तो आत पिळत गेलाय, लांब फळी विसरा. दोन्हीकडे एकाच दिशेत असेल तर तडा एका कापात बसवता येतो, नुकसान थोडं. वाढीच्या वलयांच्या मधून लाकूड गोलाकार सुटलेलं असेल तर तो ओंडका तुकड्यांतच निघणार. गाभा मध्यावर नसून एका कडेला असेल तर झाड कललेलं होतं, फळी वाळताना वाकेल. साल निघालेल्या भागावर रेषा तिरक्या जाताना दिसल्या तर फळीला पीळ पडणार. निळसर डाग मात्र बहुतेक वेळा रंगापुरते असतात, ताकदीला फारसा फरक पडत नाही, पण भाव पाडायला चांगले कामी येतात (आता विकणारे वाचत असतील तर असो).

मनात तीन ढीग करा, चांगला, मधला, जळाऊ. तिन्हींचा वेगळा हिशोब करून बेरीज करा, तोच लॉटचा भाव.

प्रश्न: घराजवळची, कुंपणाकडेची झाडं लोक जवळपास फुकट देतात. घ्यावीत का?

घ्या, पण फुकट समजून नको. अशा झाडात खिळे, तार, कपडे वाळवायचे हूक असं काय काय असतं. मला एकदा एका सुंदर जाड बुंध्यात अख्खा बिजागरीचा तुकडा सापडला, म्हणजे पात्याला सापडला. बाहेरून काही कळत नव्हतं, झाडाने गिळून टाकला होता. टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असलेल्या जातीत लोखंडाभोवती काळा-निळा डाग पडतो आणि तो टोकापर्यंत येतो, तो दिसला की थांबा. हाताचा मेटल डिटेक्टर एक-दोन पात्यांत वसूल होतो. सगळं लोखंड बहुधा खालच्या पाच-सहा फुटांत असतं, तेवढा भाग शंका असेल तर वेगळा काढा. आणि मालकीचा, तोडीच्या परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय झाडाला हात लावू नका.

प्रश्न: मी झाडं विकणारा आहे. फळीचा भाव बघतो आणि मिलवाला मला देतो ते बघतो, तिसरा हिस्साही नाही. ही लूट नाही का?

पहिल्या उत्तरातला हिशोब बघा, तिथेही ३२ च उरले होते, आणि उभं झाड विकत असाल तर तोडणीही त्यातूनच जाते. पण तुम्ही दोन-तीन मिलवाल्यांना बोलवा, आणि भाव विचारायच्या आधी विचारा की टेप कुठे लावणार, साल किती वजा करणार, पोकळ निघाला तर कोणाच्या अंगावर. जास्त भाव सांगून शेंड्याला टेप लावणाऱ्यापेक्षा कमी भाव सांगून मध्यावर लावणारा कधीकधी जास्त पैसे देऊन जातो. मोजताना स्वतः हजर राहा आणि प्रत्येक ओंडक्याचा घेर-लांबी तुमच्याही वहीत लिहा.