झोपलेल्यांच्या खोलीत थांबू नकोस

बाय,

पत्र वाचलं. झोपलेल्या जोडप्यांचे रात्रभराचे फोटो काढायचे ठरवलंयस आणि डिचोलीचं एक जोडपं तयारही झालंय. काढ. मला फार बरं वाटलं.

व्हिएन्नाच्या पॉल श्नेगेनबुर्गरने मेणबत्तीच्या उजेडात रात्री बारा ते सकाळी सहा असं एकच एक्स्पोजर ठेवून, म्हणजे शटर सलग उघडं ठेवून, जोडपी टिपली. त्याआधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेत टेड स्पॅग्ना वरून कॅमेरा लावून ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घ्यायचा. ते फोटो झोपेचे अभ्यासक अॅलन हॉब्सन यांच्याही कामी आले, कारण माणूस कूस कधी बदलतो यावरून झोपेचे टप्पे ओळखता येतात. दोन्ही कामं नीट बघ. पण मेणबत्ती मात्र आणू नकोस. आपल्याकडे मच्छरदाणी असते आणि तू खोलीत नसशील. चार्जिंगचा छोटा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेव, लाईट गेली तरी तो जळत राहील.

डिजिटलवर सहा तासांचं एकच एक्स्पोजर घेण्याच्या भानगडीत पडू नकोस, सेन्सर तापून फोटोभर ठिपके येतात. ३० सेकंदांच्या ७२० फ्रेम घे आणि नंतर त्यांची सरासरी काढून एक फोटो कर. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेव. नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि अर्धी रात्र हातची जाते. एसीच्या गाडीतून आलीस तर कॅमेरा बॅगेतच तासभर राहू दे. पावसाळ्यात लेन्सवर लगेच वाफ धरते. आणि पंखा! माझी पहिली अख्खी रात्र पंख्याने हलणाऱ्या मच्छरदाणीत गेली. सकाळी फोटोत नुसतं पांढरं धुकं होतं, माणसं कुठेच नाहीत.

कॅमेरा सुरू केलास की दार ओढून घे आणि बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, जाऊन झोप. हे मी फार उशिरा शिकलो. सुरुवातीला मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचो. माणसं झोपायची, पण पाहुण्यासमोर झोपल्यासारखी, हातपाय आवरून.

पेडण्याकडच्या एका घरी मी पहिल्यांदा बाहेर झोपलो. नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे. पहाटे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पों-पों ऐकून उठलो आणि शिंपल्यांच्या खिडकीतून उजेड येण्याआधी शटर थांबवलं. फोटो जुळवला तर दोघांचे चेहरे विरघळलेले, चादर म्हणजे ढग. फक्त एक गोष्ट लख्ख होती. तिचा उजवा हात, हिरव्या बांगड्यांसकट, त्याच्या मनगटावर. रात्रभर जे हललं नाही तेवढंच अशा फोटोत स्पष्ट उमटतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यांना अटॅक येऊन गेला ना, तेव्हापासून मी नाडी धरूनच झोपते." त्याला हे माहीत नव्हतं. तो फोटोकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

तो फोटो मी कुठे लावला नाही. तिने नको म्हटलं.

म्हणून सांगतो, परवानगी दोनदा घे. रात्री दोघांची वेगवेगळी, एकमेकांसमोर नाही. आणि सकाळी चहाबरोबर फोटो दाखवून पुन्हा. झोपलेल्या माणसाला मध्येच "थांब" म्हणता येत नाही, तो हक्क त्याला सकाळी परत द्यायचा. दोघांपैकी एकाने जरी नको म्हणून मान हलवली तरी ७२० च्या ७२० फ्रेम त्यांच्यासमोर पुसून टाक. कायदाही बघून ठेव: बाईने खासगी क्षणाचा फोटो काढू दिला, पण दाखवायला होकार दिला नसेल, तर तो इतरांपर्यंत पोचवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरतो. पण कायद्याच्या धाकाने नको करूस हे. त्यांनी तुझ्या भरवशावर डोळे मिटलेले असतात.

डिचोलीहून आलीस की ये. फोटो त्यांनी ठेवू दिला असेल तरच घेऊन ये, नाहीतर नुसती तू ये आणि रात्र कशी गेली ते सांग.