सात दिवसांत अंदमान: समुद्रकिनारे, सागरी जीवन आणि इतिहास नीट पाहायचा असेल तर आखणी कशी करावी?

आपण विचारले आहे की, डिसेंबरात आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन सात दिवस अंदमानला जायचे आहे, तर कोणती ठिकाणे घ्यावीत आणि कोणती सोडावीत. मी ठाण्याला कोपरीत राहतो आणि अंदमानला दोनदा जाऊन आलो आहे. पहिल्या खेपेस एका यात्रा कंपनीने आम्हांला पाच दिवसांत नऊ ठिकाणे दाखवली, आणि घरी आल्यावर फोटो चाळताना कोणता किनारा कुठला हेही सांगता येईना. दुसऱ्या वेळी मी ठिकाणे निम्मी केली आणि दिवस भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठरवले. आपणही तसेच करावे असे मला मनापासून वाटते.

इतिहासाची सुरुवात ठाण्यातूनच करता येईल. सावरकरांना काळ्या पाण्यावर पाठवण्याआधी डोंगरी, भायखळा आणि मग ठाणे अशा तुरुंगांत ठेवले होते. ठाण्याचा हा तुरुंग ज्या किल्ल्यात आहे तो मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला होता. निघण्यापूर्वी मुलीला त्याची तटबंदी बाहेरून दाखवून आणा. येथून त्यांना मद्रासला नेले, तेथून ‘महाराजा’ जहाजाने अंदमानला, आणि ४ जुलै १९११ रोजी ते सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले, एवढे तिला ठाऊक असेल तर तिकडचा तुरुंग तिला परका वाटणार नाही.

पोर्ट ब्लेअरमधल्या या सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहेत, त्यामुळे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे. एखाद्या कोठडीत उभे राहून गजांतून हात बाहेर काढून पाहा. दाराची कडी बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत इतकी दूर बसवली आहे की बोटे तेथवर पोहोचत नाहीत. आपली मराठी मंडळी बहुधा सावरकरांची कोठडी पाहून, नमस्कार करून लगेच परततात. तसे करू नका. मनोऱ्यातील संगमरवरी पाट्यांवरची नावे वाचा. त्यांत बंगालचे आणि पंजाबचे क्रांतिकारक मोठ्या संख्येने आहेत. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास यांना जबरदस्तीने अन्न भरवताना त्यांचा मृत्यू ओढवला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तुरुंगासाठी निदान अर्धा दिवस ठेवा आणि त्या दिवशी स्मारक उघडे आहे ना, एवढे आधी पाहा. समोरचे रॉस बेट १९४२ पर्यंत ब्रिटिशांच्या कारभाराचे ठाणे होते. वडाच्या जातीच्या झाडांची मुळे तिथल्या पडक्या भिंतींना वेढून बसली आहेत. त्याला दोन तास पुरतात.

आता समुद्राविषयी. हॅवलॉक बेटाला २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील बेटाला शहीद द्वीप म्हणतात, तर पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. जुनी-नवी दोन्ही नावे ध्यानात ठेवा, तिकिटे काढताना उपयोगी पडतील. हॅवलॉकचा राधानगर किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, परंतु तेथे सूर्य आपल्या सवयीच्या वेळी मावळत नाही. घड्याळ आपलेच असले तरी बेटे खूप पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. जेवून, वामकुक्षी करून निघालात तर हाती अंधारच लागेल.

मला सर्वांत आवडले ते मात्र नीलवरचे नैसर्गिक खडकाचे कमानपूल, आणि तेही भर ओहोटीला. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचे आपल्या किनाऱ्यावरचे गणित तिकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून स्थानिक वेळापत्रक पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मिळाले तर पाणी अधिक मागे हटते. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या पडलेल्या असतात आणि महाकाय शिंपल्यांचे निळे-जांभळे ओठ उघडे दिसतात. मी एकावर वाकलो, माझी सावली त्यावर पडली आणि तो तत्क्षणी मिटला. सावली बाजूला घेऊन स्वस्थ बसलो तेव्हा हळूहळू पुन्हा उघडला. आपली मुलगी तेथे तासभर रमेल. आईवडिलांना मात्र चांगल्या पकडीच्या चपला हव्यात, कारण शेवाळाचा खडक फार निसरडा असतो.

पाण्यात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय टेकू नका. तो दगड दिसला तरी असंख्य सूक्ष्म जीवांची ती वसाहत आहे, आणि २०१० साली समुद्र तापल्याने येथील बरेच प्रवाळ पांढरे पडले होते. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही खिशात घालू नये. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. मगरींविषयी सूचनाफलक लावलेला असेल तेथे पाण्यात मुळीच जाऊ नका.

बाराटांग मी सोडायला सांगेन. चुनखडीच्या गुहा चांगल्या असतीलही, पण त्यासाठी सहसा जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जावे लागते, आणि गाडीतले प्रवासी खिडकीतून त्या माणसांना शोधत बसतात. त्यांचे फोटो काढणे हा गुन्हा आहे, आणि मला तर त्या रस्त्याने जाणेच पटत नाही.

दोन रात्री हॅवलॉक, दोन नील आणि उरलेल्या दोन श्री विजयपुरम अशी विभागणी करा. श्री विजयपुरमची एक रात्र सहलीच्या अगदी शेवटी ठेवावी, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि परतीचे विमान मात्र आपल्यासाठी थांबत नाही.