सीमापार, सामाईक की संयुक्त? दोन देशांखालच्या भूजलाविषयी

एका भाषांतरकाराचा प्रश्न असा आहे: दोन शेजारी देशांच्या भूमीखाली सलग पसरलेल्या भूजलाविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना 'सीमापार भूजलाचे सहकारी व्यवस्थापन' असे शीर्षक योजले, संपादकांनी 'सीमापार' खोडून 'सामायिक' केले. यांतला कोणता शब्द बरोबर, आणि लिहावे कसे, 'सामायिक' की 'सामाईक'?

लेखनाचा मुद्दा लहान आहे. दोन्ही रूपे छापील मराठीत आढळतात. मी 'सामाईक' लिहितो, कारण समयाशी संबंधित असलेल्या 'सामयिक' शब्दाशी त्याची गल्लत होत नाही.

'सीमापार' या शब्दात 'पार' म्हणजे पलीकडचा काठ. सातासमुद्रापार गेलेला माणूस समुद्राच्या दोन्ही काठांवर नसतो. म्हणूनच हा शब्द एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या क्रियेला शोभतो: सीमापार व्यापार, सीमापार गोळीबार. 'सीमापार जलधर' (जलधर म्हणजे भूजल धरून ठेवणारा आणि वाहू देणारा खडकाचा थर) म्हटले की मात्र वाचकाला तो जलधर शेजारच्या देशात आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो दोन्हीकडे आहे आणि सगळा प्रश्न त्यामुळेच उद्भवतो. एका देशात उपसा वाढला की त्या विहिरींभोवतीची पाणीपातळी शंकूसारखी खाली जाते, आणि तो शंकू रुंदावत सीमेखालून पलीकडे पोचू शकतो. तेव्हा जे पाणी सरकते त्याला 'सीमापार प्रवाह' खुशाल म्हणावे; परंतु खडकाचा थर कोठेही जात नसल्यामुळे त्याच्यासाठी 'सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला' असे लांब पण सरळ लिहिणे मला अधिक बरे वाटते.

येथे 'जलधर' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो आहे. संस्कृतात जलधर म्हणजे मेघ, त्यामुळे आकाशातला शब्द जमिनीखाली नेल्याची तक्रार कोणी केली तर ती अगदीच गैर नाही. पण भूजलाच्या मराठी लेखनात तो आता रुळला आहे आणि 'ॲक्विफर' या मूळ लॅटिन घडणीच्या शब्दाचा अर्थही 'पाणी वाहून नेणारा' असाच आहे. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने याविषयी जी १९ मसुदा कलमे तयार केली, आणि ज्यांची दखल महासभेने डिसेंबर २००८ मधील ठरावात घेतली, त्यांत जलधराच्या व्याख्येत पाणी झिरपू देणारा खडक आणि त्याच्या संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या, भागातले पाणी अशी दोन्ही येतात. केवळ 'भूजल' म्हटल्यास खडक सुटतो, आणि 'साठा' म्हटल्यास भिंती असलेली टाकी डोळ्यांपुढे उभी राहते.

आता 'सामाईक'. मराठीत सामाईक विहीर किंवा सामाईक भिंत म्हणजे अनेकांच्या मालकीची, जिच्यावर प्रत्येकाचा अविभक्त हक्क आहे अशी. नेमकी हीच छटा देशांना नको असते. विधी आयोगाने २००२ मध्ये हा विषय हाती घेतला तेव्हा त्याचे शीर्षक 'सामाईक नैसर्गिक संसाधने' याच अर्थाचे होते; त्यातील विशेषणातून सामूहिक मालकी सूचित होते अशी शंका काही देशांनी घेतली, आणि अंतिम कलमांच्या शीर्षकातून ते विशेषण गेले. इतकेच नव्हे, तर तिसऱ्या कलमात आपल्या हद्दीतील जलधराच्या भागावर त्या त्या देशाचे सार्वभौमत्व असल्याचे स्वतंत्रपणे नमूद झाले. अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे यांनी ग्वारानी जलधराविषयी २०१० मध्ये जो करार केला, त्याच्या पहिल्याच कलमात या जलसंपत्तीचे मालक हे चारच देश असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे अशा मजकुराच्या भाषांतरात 'सामाईक जलधर' लिहिणे म्हणजे करार करणाऱ्यांनी जाणूनबुजून टाळलेला अर्थ परत आत आणणे होय. संपादकांची दुरुस्ती कानाला गोड लागते, पण आशयाच्या दृष्टीने ती मूळ शब्दापेक्षाही धोक्याची आहे.

'सहकारी' या शब्दाबद्दल प्रश्नात विचारणा नाही, पण माझ्या मते तेथेही अडते. मराठीत 'सहकारी' हे विशेषण सहकारी संस्था, सहकारी बँक यांनी इतके व्यापले आहे की 'सहकारी व्यवस्थापन' वाचताच सभासद आणि भागभांडवल आठवते. दोन देशांच्या बाबतीत 'सहकार्य' आणि 'संयुक्त' हे दोन शब्द उपलब्ध आहेत, आणि त्यांची निवड प्रत्यक्ष व्यवस्था पाहून करावी. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा कॅन्टन (प्रांत) आणि त्याला लागून असलेला फ्रान्समधील ओत-साव्हुआ विभाग यांच्यात १९७८ मध्ये झालेल्या व्यवस्थेत दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला, आर्व्ह नदीचे पाणी प्रक्रिया करून जमिनीत मुरवण्याची सोय झाली आणि त्या पुनर्भरणाच्या खर्चातला वाटा उचलण्याचे फ्रेंच बाजूने मान्य केले. याला 'संयुक्त व्यवस्थापन' म्हणणे योग्यच आहे. ग्वारानी करारात मात्र प्रत्येक देश आपापला भाग सांभाळतो, माहितीची देवाणघेवाण करतो आणि शेजाऱ्याला मोठी हानी पोचू न देण्याचे बंधन पाळतो. तेथे 'सहकार्याने व्यवस्थापन' एवढेच म्हणावे.

लेख जर जिनिव्हासारख्या व्यवस्थेविषयी असेल, तर शीर्षक 'दोन देशांत पसरलेल्या जलधराचे संयुक्त व्यवस्थापन' असे करता येईल.

भाषांतरात १९९४ च्या सुमाराचे कायदेविषयक दस्तऐवज येणार असतील, तर 'बंदिस्त भूजल' या प्रयोगापाशी थांबून विचार करावा. भूशास्त्रज्ञ ज्याला बंदिस्त म्हणतात ते पाणी वर आणि खाली कमी पाझराचे थर असल्यामुळे दाबाखाली असते. विधी आयोगाच्या त्या वर्षीच्या ठरावात मात्र त्याच शब्दाने आंतरराष्ट्रीय नदीप्रवाहाशी संबंध नसलेले भूजल अभिप्रेत होते. दाबाखालचे पाणी नदीशी जोडलेले असू शकते, त्यामुळे या दोन अर्थांसाठी मराठीत एकच शब्द ठेवू नये: पहिल्याला 'दाबाखालील' आणि दुसऱ्याला 'नदीशी असंबद्ध' म्हणावे.