डोके नसलेले बोल्ट
प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीचे स्टिअरिंग लॉक इग्निशन स्विचसह बदलायचे आहे. किल्ली नीट फिरते, परंतु लॉकच्या बोल्टांना डोकेच नाही. ते कसे काढावेत?

उत्तर : चोराला अडथळा व्हावा म्हणून हे बोल्ट मुद्दाम तसे बनवलेले असतात, ठरावीक जोराने आवळताच त्यांचे डोके तुटून पडते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि किल्लीने स्टिअरिंग मोकळे ठेवावे. बोल्टाच्या कडेला पंच (ठोकण्याचे टोकदार पोलादी हत्यार) टेकवून घड्याळाच्या उलट दिशेने हलके ठोके दिल्यास तो पुष्कळदा सैल होतो. न झाल्यास मधोमध छिद्र पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला बोल्ट फिरवून बाहेर काढणारे हत्यार) वापरावा. जोरदार घाव मात्र नकोतच, कारण अपघातात दबण्यासाठी बनवलेला स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा व त्याची नळी) त्यांनी बिघडू शकतो. दोष केवळ स्विचमध्ये असेल, तर अनेक गाड्यांत तो लॉक न काढताही निघतो. हे आधी पाहावे.